कुलगुरूंना खुले पत्र : हॉलची किल्ली वस्तादाकडे द्या

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांचे सन्माननीय कुलगुरू, क्रीडा संचालक आणि व्यवस्थापन परिषदांचे सदस्य यांस,

स. न. वि. वि.

मी एक निवृत्त क्रीडाशिक्षक. कृष्णाकाठच्या एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून सत्तावीस वर्षं नोकरी केली. या काळात आमच्या कॉलेजची कितीतरी मुलं आंतरमहाविद्यालयीन आणि आंतरविद्यापीठ कुस्तीला उतरली. काहींनी पदकं आणली. पदक आलं की सत्कार व्हायचा, वार्षिक अंकात फोटो यायचा आणि फोटोखाली ‘मार्गदर्शक’ म्हणून माझं नाव छापलं जायचं. त्यातल्या एकाही मुलाला मी कुस्ती शिकवलेली नाही. मी खो-खोचा खेळाडू. कुस्ती त्यांना शिकवली त्यांच्या गावच्या वस्तादांनी. त्या वस्तादांचं नाव अंकात कधी आलं नाही, आणि कॉलेजच्या फाटकातून आत यायचं तर त्यांना शिपायाकडे चिठ्ठी द्यावी लागायची. मी प्रवेशिका भरल्या, दाखले जोडले, रेल्वेची तिकिटं काढली, टीए-डीएची बिलं लावली. वजनाच्या काट्यापाशी रांगेत उभा राहिलो. माझ्या नोकरीत कुस्तीशी माझा संबंध आला तो एवढाच.

आमच्याकडे अनुदानातून एक चांगली मॅट आली होती. ती अंथरली की हॉल भरून जायचा. पण परीक्षा आल्या की हॉलमध्ये बाकं लागत, मॅट गुंडाळून जिन्याखाली जाई आणि पुढचे दोन-तीन महिने तिथंच पडून राही. हॉलची किल्ली कार्यालयात असायची. कार्यालय उघडायचं साडेदहाला आणि बंद व्हायचं साडेपाचला. कुस्ती करणारं पोर पहाटे पाचला जोर-बैठकांना उभं राहतं आणि संध्याकाळी सहाला लढतीला उतरतं. म्हणजे त्याला मॅट हवी असे तेव्हा किल्ली नसे. ही किल्ली कार्यालयाच्या वेळेबाहेर मिळावी म्हणून मी तीन अर्ज केले. तिसऱ्या अर्जावर ‘सुरक्षेच्या कारणास्तव शक्य नाही’ असा शेरा आला. त्यानंतर मी चौथा अर्ज केला नाही, ही माझी चूक आणि ती आजही खुपते.

हे सारं आज लिहायला बसलो त्याला कारण आहे. माझी मुलगी नोकरीनिमित्त अमेरिकेत आयोवा राज्यात असते. आयोवा म्हणजे मक्याचं आणि डुकरांचं राज्य. सपाट काळी जमीन, लहान लहान गावं, हिवाळ्यात सगळं बर्फाखाली. तिच्याकडे गेलो असताना एका संध्याकाळी जावयांनी आयोवा सिटीला विद्यापीठाच्या कुस्त्या बघायला नेलं. कार्व्हर-हॉकाय अरीना नावाचं त्यांचं क्रीडागृह आहे. ते जमिनीत खोल उतरवलेलं आहे. दारातून आत शिरलो की आपण सगळ्यात वरच्या पायरीवर असतो आणि आखाडा खाली, तळाशी. मला एकदम खासबाग आठवलं. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं ते मैदानही असंच, कुठेही बसा, समोरच्याच्या डोक्याआडून कुस्ती बघावी लागत नाही.

आणि ती गर्दी! जवळजवळ पंधरा हजार माणसं बसतात तिथे. शेतीच्या बियाण्यांच्या कंपन्यांच्या टोप्या घातलेले म्हातारे, त्यांच्या बायका, मांडीवर नातवंडं. एखाद्या मुलाने पट काढला की अख्खं क्रीडागृह एका आवाजात ‘टू’, म्हणजे दोन गुण, म्हणून दोन बोटं वर करायचं, अशी तिथली जुनी रीत. आता नियम बदलून त्याचे तीन गुण झालेत, असं शेजारच्या आजोबांनी मला समजावून सांगितलं. लढणारी मुलं विद्यार्थी होती. दुसऱ्या दिवशी त्यांना वर्गात बसायचं होतं. विद्यार्थ्यांच्या कुस्तीला पंधरा हजार माणसं पैसे मोजून कशी येतात, हे मी त्या आजोबांना विचारलं. त्यांनी बाहेरच्या पुतळ्याकडे हात केला. तो पुतळा डॅन गेबल यांचा, त्या विद्यापीठाच्या जुन्या कुस्ती प्रशिक्षकाचा.

महोदय, गेबल यांच्या कारकिर्दीबद्दल मी आपल्याला सविस्तर लिहिणार आहे. त्यांची पदकं मोजण्यासाठी नाही. एका विद्यापीठाने एका प्रशिक्षकाला काय काय दिलं, हे त्यातून स्वच्छ दिसतं म्हणून.

गेबल यांचा जन्म २५ ऑक्टोबर १९४८चा, आयोवातल्याच वॉटर्लू गावचा. कामगारवस्तीचं गाव. शाळेत ६४ कुस्त्या, एकही हार नाही. पण त्या विजयांच्या मधोमध १९६४चा उन्हाळा येतो. आईवडील आणि डॅन मासेमारीला बाहेरगावी गेले असताना घरी एकट्या राहिलेल्या त्याच्या १९ वर्षांच्या बहिणीचा खून झाला. डॅन तेव्हा पंधरा वर्षांचा. आईवडिलांना त्या घरात राहणं अशक्य झालं, घर विकायचं ठरत होतं. तेव्हा हा मुलगा आपलं सामान उचलून बहिणीच्या खोलीत राहायला गेला. घर मोडू नये म्हणून. पुढे पंचवीस वर्षं ज्याने शेकडो मुलांना अंगाखांद्यावर घेतलं, त्या माणसाची घडण मला तरी त्या खोलीत दिसते.

कॉलेजला ते एम्स गावच्या आयोवा स्टेट विद्यापीठात गेले. मी कुस्त्या पाहिल्या ते आयोवा सिटीचं आयोवा विद्यापीठ वेगळं. तिथले प्रशिक्षक हॅरॉल्ड निकल्स म्हणजे त्या काळातलं मोठं नाव, सहा राष्ट्रीय विजेतेपदं त्यांच्या संघाने मिळवली. गेबल एकामागून एक कुस्त्या मारत राहिले. शाळा-कॉलेज मिळून १८१. शेवटची राहिली होती, १९७०च्या राष्ट्रीय स्पर्धेतली अंतिम फेरी, इव्हान्स्टनला. समोर वॉशिंग्टन विद्यापीठाचा लॅरी ओविंग्ज. याच्याशीच लढायचं म्हणून तो वजन उतरवून त्या गटात आला होता. गेबल १३-११ने हरले. कॉलेजमधली एकमेव हार, आणि ती शेवटच्या कुस्तीत.

कुस्तीच्या गावात वाढलेल्या माणसाला ही हार समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडेही मोठे मल्ल एका मैदानात पडले आणि पुन्हा लाल मातीत उतरलेच नाहीत, असं आपण पाहिलं आहे. गेबल दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सरावाला लागले. मी त्या हारीतून जे शिकलो ते १८१ विजयांतून शिकलो नव्हतो, असं ते पुढे सांगत राहिले. १९७१ला सोफियात जगज्जेते झाले. १९७२ला म्युनिकच्या ऑलिम्पिकमध्ये ६८ किलो गटात सुवर्ण जिंकलं, तेही संपूर्ण स्पर्धेत कुणालाही एकही गुण न देता. गुडघा दुखावलेला होता, पहिल्याच लढतीत डोक्याला टाके पडले होते. रशियनांनी यांना हरवणारा माणूस शोधून आणायचा चंग बांधला होता, तो काही सापडला नाही.

आता खरा मुद्दा. ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलेल्या या तेवीस वर्षांच्या तरुणाचं पुढे काय झालं? आपल्याकडे काय झालं असतं ते आपण सारे जाणतो. मिरवणूक, एखादी पोलीस खात्यातली किंवा रेल्वेतली नोकरी, बंदोबस्त, बदली, आणि मुलांना शिकवायचं ते नोकरी सांभाळून, उरलेल्या वेळात. आयोवा विद्यापीठाने त्यांना त्याच वर्षी सहायक प्रशिक्षक म्हणून घेतलं. लक्षात घ्या, सहायक. मुख्य प्रशिक्षक होते गॅरी कर्डलमायर. विद्यापीठाने ऑलिम्पिक विजेत्याला थेट गादीवर बसवलं नाही. चार वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या हाताखाली काम केलं, रोज मुलांशी अंगाला अंग लावून कुस्ती केली. १९७५ आणि १९७६, लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं कर्डलमायर यांच्या नावावर लागली. आणि मग, संघ शिखरावर असताना कर्डलमायर बाजूला झाले. ते विद्यापीठाच्या क्रीडा प्रशासनात गेले आणि आखाडा अठ्ठाविशीच्या उंबरठ्यावर असलेल्या गेबल यांच्या ताब्यात दिला.

मला या सगळ्या कहाणीत कर्डलमायर फार मोठे वाटतात. आपल्या संस्थांमध्ये माणसं खुर्ची सोडत नाहीत, सोडली तर पुढच्याचे पाय बांधून सोडतात. इथे एक जिंकणारा माणूस आपल्याहून मोठा होईल असा सहायक स्वतः शोधतो, त्याला चार वर्षं तयार करतो, आणि जिंकत असतानाच त्याला जागा करून देतो. कुस्तीच्या भाषेत सांगायचं तर वस्तादाने पठ्ठ्याला नुसता डाव दिला नाही, तालीमच दिली.

पहिल्या हंगामात, १९७७ला, गेबल यांच्या संघाचं राष्ट्रीय विजेतेपद गेलं. नेलं कुणी? त्यांच्याच वस्तादांनी, निकल्स यांच्या आयोवा स्टेटने. लागोपाठ दोनदा जिंकलेला संघ नव्या प्रशिक्षकाच्या हातात आला आणि घसरला! कुणी समिती नेमली नाही, खुलासा मागवला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा गुरू-शिष्य समोरासमोर. सगळ्या कुस्त्या संपल्यावर गुणांची बेरीज झाली. आयोवा ९४.५, आयोवा स्टेट ९४. अर्धा गुण! दहा वजनगट, तीन दिवस, आणि निकाल अर्ध्या गुणाचा. तिथून जे सुरू झालं ते १९८६पर्यंत थांबलं नाही. सलग नऊ राष्ट्रीय विजेतेपदं.

या नऊ वर्षांबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची मुलांकडे बघण्याची नजर. त्यांची सगळी मुलं एकसारखी लढत नसत. रँडी लुईस जोखीम घेऊन उचलून टाकणारा, त्याच्या कुस्तीत दोन्हीकडे गुणांचा पाऊस पडायचा. बॅनक बंधूंची कुस्ती वेगळी, ताकदीची आणि चिवट. नंतर आलेले टॉम आणि टेरी ब्रँड्स हे जुळे म्हणजे समोरच्याला श्वासच घेऊ द्यायचे नाहीत. गेबल यांनी सर्वांना सारखं ठेवलं ते एकाच बाबतीत, कष्टाच्या. बाकी ज्याचा जो डाव, तो त्याचाच ठेवला आणि घासून घासून धारदार केला. आपल्या वस्तादांनाही हे पक्कं ठाऊक असतं. ढाकेच्या डावाचा पोरगा ढाकेवरच वाढवायचा, घिस्सा मारणाऱ्याला कलाजंगाचा डाव शिकवत बसायचं नाही. पण हे कळायला पोरगं रोज डोळ्यांसमोर लागतं, वर्षानुवर्षं. स्पर्धेच्या आधी भरणाऱ्या दहा-पंधरा दिवसांच्या विद्यापीठ शिबिरात प्रशिक्षकाला मुलांची नावं पाठ होतात तोवर शिबिर संपतं.

१९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये गेबल अमेरिकेच्या फ्रीस्टाइल संघाचे प्रशिक्षक होते. त्या संघाने दहापैकी सात सुवर्णं जिंकली. रशिया आणि तिच्या बाजूचे बरेच देश त्या स्पर्धेला आले नव्हते, हे खरं आहे आणि ते सांगायलाच हवं. पण त्या सातांतले लुईस आणि बॅनक बंधू, एड आणि लू, असे तिघे आयोवा विद्यापीठाच्या एका खोलीत तयार झाले होते.

आणि आता ती चार वर्षं, ज्यांच्यासाठी मी हे पत्र लिहितो आहे. १९८७ला सलग दहावं विजेतेपद मिळवायचं म्हणून आयोवाची मुलं पोशाखावर रोमन दहाचा आकडा, म्हणजे ‘एक्स’, लावून उतरली होती. हरली. पुन्हा आयोवा स्टेटकडूनच. १९८८ला विजेतेपद नाही. १९८९ला नाही. १९९०ला नाही. नऊ वर्षं जिंकायची सवय लागलेल्या त्या राज्यात लोक बोलत नसतील का? वर्तमानपत्रं लिहीत नसतील का? तरी विद्यापीठाने गेबल यांना हात लावला नाही. त्यांनी सरावाची घडी पुन्हा बसवली, नवी मुलं आणली, त्यांत ब्रँड्स बंधू होते. १९९१ला विजेतेपद परत आलं. मग १९९२, १९९३, १९९५, १९९६, १९९७.

साहेब, आपल्या विद्यापीठाच्या कुठल्या प्रशिक्षकाला आपण चार वर्षं हरू दिलं आहे? मुळात चार वर्षं ठेवलंच कुणाला आहे? मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी कुस्तीचा प्रशिक्षक अकरा महिन्यांच्या करारावर असतो, किंवा तासिका तत्त्वावर, किंवा नसतोच. दर जूनला त्याला नव्याने अर्ज करावा लागतो. ज्याला पुढच्या जूनची खात्री नाही, तो पहिल्या वर्षाच्या कोवळ्या पोरावर चार वर्षांचं काम कशाला सुरू करेल? तो आयतं तयार पोरगं शोधेल, कागदोपत्री प्रवेश देऊन घेईल आणि पदक दाखवून आपला करार वाढवून घेईल. दोष त्याचा नाही. आपण त्याला तेवढाच वेळ दिलेला असतो.

१९९७ हा गेबल यांचा शेवटचा हंगाम. त्या जानेवारीत त्यांच्या कंबरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया झाली होती. वयाच्या पन्नाशीआधीच गुडघे आणि खुबे झिजून गेले होते, मुलांबरोबर मॅटवर घालवलेल्या वर्षांची ती किंमत. राष्ट्रीय स्पर्धा सीडर फॉल्सला होती, म्हणजे त्यांच्या वॉटर्लूला लागून असलेल्या गावात, जिथे ते लहानाचे मोठे झाले. कुबड्या घेऊन ते आखाड्याच्या कोपऱ्यात बसले. त्यांच्या पाच मुलांनी वैयक्तिक विजेतेपदं जिंकली आणि संघाने १७० गुण केले. तो विक्रम मोडायला पुढे २०२४ साल उजाडावं लागलं.

एकवीस वर्षांचा हिशेब असा : संघांच्या ३५५ लढती जिंकल्या, २१ हरल्या, ५ बरोबरीत. १५ राष्ट्रीय विजेतेपदं. आपल्या विभागाचं, म्हणजे बिग टेनचं, विजेतेपद एकवीसच्या एकवीस वर्षं. या आकड्यांपेक्षा मला दुसरा एक हिशेब मोठा वाटतो. त्यांचे पठ्ठे कुठे गेले? जिम झॅलेस्की त्यांच्या जागी बसले आणि लगेच सलग तीन विजेतेपदं मिळवली. बॅरी डेव्हिस विस्कॉन्सिनला गेले आणि पंचवीस वर्षं तिथले प्रशिक्षक राहिले. टॉम रायन ओहायो स्टेटला गेले, २०१५ला त्यांचा संघ राष्ट्रीय विजेता झाला. टॉम ब्रँड्स १९९६ला अटलांटात ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले आणि २००६पासून आयोवाचेच मुख्य प्रशिक्षक आहेत. मी गेलो त्या संध्याकाळी कोपऱ्यात तेच होते, खुर्चीच्या कडेवर, स्वतः लढत असल्यासारखे. एका माणसाला विद्यापीठाने पंचवीस वर्षं निर्धास्त ठेवलं आणि त्यातून देशभर वस्ताद उभे राहिले.

हे अमेरिकेचं, तिथे पैसा आहे, असं आपण म्हणाल. पैसा आहेच. पण कुस्ती हा तिथेही गरीब खेळ आहे. फुटबॉल आणि बास्केटबॉलपुढे त्याला कुणी विचारत नाही, कित्येक विद्यापीठांनी तर खर्च वाचवायला कुस्ती बंदच करून टाकली. अनेक वर्षं नियम असा होता की अव्वल श्रेणीतल्या विद्यापीठालाही कुस्तीसाठी ९.९ शिष्यवृत्त्यांपेक्षा जास्त देता यायच्या नाहीत, म्हणजे दहा वजनगट आणि पुरत्या दहाही नाहीत. त्याच तुकडे करून साऱ्या मुलांत वाटायच्या. उरलेली फी पोरं स्वतः भरत. मॅट, एक खोली, चोवीस तास हाताशी असलेला प्रशिक्षक, एवढ्यावरच हे राज्य उभं राहिलं. यातलं काय आपल्याला परवडत नाही?

एक गोष्ट मात्र तिथून उचलू नका, आणि इथली असेल तर ती आधी थांबवा. वजन उतरवणं. गेबल यांच्या काळात अमेरिकन कॉलेज कुस्तीत रबरी पोशाख घालून, वाफेच्या खोलीत बसून, पाणी तोडून मुलं खालच्या गटात जात. सगळेच करत, त्यामुळे कुणाला वावगं वाटत नव्हतं. १९९७च्या शेवटी महिन्या-सव्वा महिन्याच्या आत तीन वेगवेगळ्या कॉलेजांतले तीन विद्यार्थी मल्ल असं वजन उतरवताना मेले. त्यानंतर रबरी पोशाखांवर आणि वाफेवर बंदी आली, वजन लढतीच्या तोंडावर घ्यायचं ठरलं, आणि कुठल्या मुलाने किती खाली जायचं याची मर्यादा अंगातलं पाणी तपासून ठरू लागली. तीन जीव गेल्यावर हे सुचलं.

आमच्या संघातला एक मुलगा स्पर्धेला जाताना रेल्वेत दोन दिवस अंगावर दोन ट्रॅकसूट घालून, पाण्याचा घोटही न घेता, सतत थुंकत बसला होता. मी त्याच्या समोरच्या बाकावर होतो. मला वाटलं, पैलवानांचं असंच असतं. काट्यावरून उतरताच तो चक्कर येऊन पडला. सलाइन लावलं, वाचला. मला यातलं काहीच कळत नव्हतं आणि तरी विद्यापीठाच्या कागदावर त्याची जबाबदारी माझी होती. तो प्रसंग आठवला की आजही घशाला कोरड पडते. ज्याला कुस्ती कळते तो माणूस त्या डब्यात असता तर त्याने पहिल्याच स्टेशनावर त्या पोराला पाणी पाजलं असतं आणि वरच्या गटात उतरवलं असतं.

आपल्या मातीत कॉलेज कुस्तीची परंपराच नाही, असं म्हणणाऱ्यांना खाशाबा जाधवांची आठवण देतो. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकआधी रीस गार्डनर नावाचे अमेरिकन प्रशिक्षक त्यांना शिकवत होते, म्हणजे गेबल यांचा जन्म झाला त्याच वर्षी. मातीवर वाढलेले खाशाबा लंडनला मॅटवर सहावे आले. १९५२ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

ही गोष्ट आपण भाषणांत फार अभिमानाने सांगतो. मीही गॅदरिंगला कितीदा सांगितली. प्राचार्यांच्या थोरवीबद्दल शंकाच नाही, माझा त्यांना साष्टांग नमस्कार. पण आता ती सांगताना मान खाली जाते. कॉलेजच्या विद्यार्थ्याला ऑलिम्पिकला पाठवायचं तर कॉलेजच्या प्रमुखाला घर गहाण टाकावं लागलं, कारण व्यवस्थेत त्यासाठी जागा नव्हती. सत्तर वर्षं उलटली, तरी आजही ती जागा मला दिसत नाही. आजही गावचा वस्ताद पोराच्या खुराकासाठी म्हैस विकतो आणि प्रमाणपत्रावर विद्यापीठाचा शिक्का बसतो.

शिकवणारी माणसं आपल्याकडे नाहीत असं नाही. हरिश्चंद्र बिराजदारांनी पुण्यात किती पोरं घडवली! त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या राहुल आवारेला पुढे काका पवारांनी सांभाळलं, आणि २०१८ला राष्ट्रकुलचं सुवर्ण आणि २०१९ला जागतिक स्पर्धेचं कांस्य घरी आलं. हे सारं विद्यापीठांच्या भिंतीबाहेर झालं. ही पोरं पदवीचे विद्यार्थी असतात, परीक्षा देतात, पण त्यांची कुस्ती आणि त्यांचं कॉलेज यांची गाठ पडते ती फक्त प्रवेशिकेवर.

म्हणून आपल्याकडे मागणं मांडतो. प्रत्येक विद्यापीठात कुस्तीसाठी एक तरी पूर्णवेळ प्रशिक्षक नेमा, कायम पदावर, आणि पहिली पाच वर्षं त्याला पदकांचा हिशेब विचारू नका. मुलं किती टिकली, किती शिकली, किती जायबंदी झाली आणि किती पदवी घेऊन बाहेर पडली, एवढं विचारा. त्याच्या जोडीला भागातला एक अनुभवी वस्ताद सहायक म्हणून घ्या. वस्तादाकडे पटियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षकाची पदविका नसेल, बारावीही नसेल. पात्रतेच्या रकान्यात तो बसत नसेल तर रकाना बदला, तो अधिकार आपल्या व्यवस्थापन परिषदेला आहे. मॅटवरचे नियम एकाने शिकवावेत, कुस्ती दुसऱ्याने. काही वर्षांनी त्या दोघांच्या हाताखालचाच एखादा माजी विद्यार्थी तिसरा म्हणून उभा राहील.

मुलींसाठीही हेच, आणि त्यांना नंतर बघू असं करू नका. २०२३ला सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच मुलीने, प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. आयोवा विद्यापीठाने मुलींचा संघ उभा केला तेव्हा क्लॅरिसा चुन या ऑलिम्पिक पदकविजेत्या मल्ल स्त्रीला आधी प्रशिक्षक नेमलं, मुली नंतर घेतल्या. पहिल्याच पूर्ण हंगामात, २०२४ला, तो संघ राष्ट्रीय विजेता झाला. आधी वस्ताद, मग संघ, हा क्रम तेवढा लक्षात घ्यावा.

आणि किल्ली. पहाटे पाच ते आठ आणि संध्याकाळी पाच ते नऊ हॉल उघडा हवा, मॅट वर्षभर अंथरलेली हवी. परीक्षेची बाकं दुसरीकडे मांडा. त्या हॉलची किल्ली कार्यालयाच्या खिळ्यावर टांगलेली नको, प्रशिक्षकाच्या खिशात हवी.

माझ्या तालुक्यात असे दोन वस्ताद आहेत जे उद्या पहाटे सायकलवर टांग मारून येतील. मी दोघांशी बोललो आहे. एकाने विचारलं, ‘मास्तर, पण आत सोडतील का?’ त्यांना काय सांगू, ते आपण कळवावं. प्रवेश जूनमध्ये सुरू होतात, जाहिरात त्याआधी निघाली तर याच वर्षीची पोरं हाताशी लागतील.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण संचालक